आमच्या घरात कोणालाच नाही

घरच्या मंडळींचा फोटो हातात आला की श्रीकांतदादा चष्मा कपाळावर चढवत आणि वाटणी करायला बसत. "नाक आईचं. हनुवटी वडिलांची. आणि कान बघा, कान आजोबांचे, यात वादच नाही." गिऱ्हाईक समोर उभं असे, घाईत असे, तरी थांबे. आपलं पोरगं कोणावर गेलं हे ऐकायला कोणालाही वेळ असतो.

जबलपूरला कमानिया गेटच्या मागच्या गल्लीत त्यांचा फोटो स्टुडिओ. पुढं दुकान, मागं घर. आता फोटो सगळे मोबाइलवरच काढतात. पण पासपोर्टचे, परीक्षेच्या अर्जाचे आणि माणूस गेल्यावर हार घालायचे फोटो अजून स्टुडिओतच होतात. मी तिथं पासपोर्टचे फोटो कापायची, फ्रेमा बसवायची, गिऱ्हाइकाला बसायला सांगायची.

एकदा शहपुऱ्याचा एक आडत्या बायकापोरांसकट आला. दादांनी पोराचे कान आजोबांना देऊन टाकले. आडत्या खूश झाला आणि भिंतीकडं बघून म्हणाला, "और आप किस पर गए हैं, घाटेजी?"

भिंतीवर दादांचे वडील, आजोबा, पणजोबा. तिघंही गोरे, तिघांचीही नाकं पोपटाच्या चोचीसारखी. दादा सावळे, नाक बसकं, भुवया जाड आणि मधे जुळलेल्या.

"मैं? मुझे तो नर्मदाजी ने दिया, टोकरी में," दादा म्हणाले.

सगळे हसले. मीही हसले. मागच्या दारात आजी, म्हणजे दादांची आई, तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांचा हात सुपात थांबला, मग सूप घेऊन त्या आत गेल्या. मला वाटलं, देवाच्या नावाची थट्टा आवडली नसेल.

मी वरुडकडची. आठवीत शाळा सुटली, लग्न होऊन जबलपूरला आले. नवरा लाकूड कापायच्या आरा मशीनवर होता, त्याच्या हाताला लागलं आणि मला काम शोधावं लागलं. हिंदी धड येत नव्हती. दुकानात मराठी ऐकू आली म्हणून पायरी चढले. दादांनी कितवी शिकली ते विचारलं नाही. विचारलं, "हात थरथरतात का?"

मी खरं सांगितलं, "भीती वाटली की थरथरतात."

"मग घाबरू नको बाई. नाहीतर लोकाचे कान कापशील फोटोत. कान फार महत्त्वाचे."

एवढ्यावर मला काम मिळालं. मी आजही कोणत्याही नव्या मशीनला हात लावताना घाबरते. तेव्हा तर बटण दाबायच्या आधी डोळे मिटून घ्यायची. दादा मागून म्हणायचे, "काहून घाबरून राहिली? मशीन आहे. बिघडली तर सुधारू. माणूस थोडीच आहे."

त्यांचा खरा हातखंडा वेगळाच होता. गावाकडचे लोक यायचे, ज्यांच्या घरातला माणूस गेला आणि फोटो एकही नाही. तेराव्याला पाटावर काय ठेवायचं? इतर दुकानवाले हात जोडत. दादा म्हणत, "पोरांना घेऊन या. आणि म्हातारीलाही आणा."

एक म्हातारी आली होती अशी, डोक्यावर पदर, सोबत दोन मुलगे आणि एक लेक. दादांनी तिघा भावंडांना स्टुलावर बसवलं, म्हातारीला समोर खुर्चीत. फोटो काढले, मग दोन-तीन दिवस कॉम्प्युटरवर बसून त्या तिघांतून एक माणूस तयार केला. थोरल्याचं कपाळ, धाकट्याचा जबडा, लेकीचे डोळे. त्यावर वय चढवलं, मिशा ठेवल्या. म्हातारी फ्रेम न्यायला आली. मी फ्रेमवरचा कागद काढला. तिनं बघितलं आणि चटकन पदर पुढं ओढून तोंड झाकून घेतलं, नवरा खरंच समोर येऊन उभा राहिल्यासारखं. मग पदराआडूनच म्हणाली, "इत्ते दुबले नहीं थे."

ती गेल्यावर मी विचारलं, "दादा, पोरांच्या तोंडावर बापाचं कोणतं आणि आईचं कोणतं, कसं कळतं तुम्हाला?"

"आई समोर बसलेली असते ना. तिचं तिला वजा करायचं. उरेल तो बाप."

"आणि आई समोर नसली तर?"

दादा फ्रेमचे खिळे डबीत भरत होते. म्हणाले, "मग नाही होत."

दादांना मी कधी रागावलेलं पाहिलं नाही. आधी मला वाटायचं, स्वभाव शांत आहे. वहिनी, त्यांची बायको, शाळेत शिकवायच्या. त्यांचं म्हणणं निराळं होतं. एकदा माझ्यासमोरच म्हणाल्या, "हा माणूस आजवर माझ्याशी एकदा भांडला नाही. भाजीत मीठ नसलं तरी बोलायचं नाही, दुसऱ्यांदा पोळी मागायची नाही. आपल्याच घरात पाहुण्यासारखा राहून राहिला." दादा हसले, म्हणाले, "पाहुण्याला लोक चांगलं वागवतात." वहिनींना हसू आलं नाही. मला ते बोलणं कळलं होतं. परक्या गावात, दुसऱ्याच्या मेहरबानीवर राहणारं माणूस ताटात पडेल ते खातं. पण दादांना तसं राहायचं कारण काय, हे कळत नव्हतं. त्या घरात आजींचा जीव होता त्यांच्यात. पन्नाशीकडं आलेल्या मुलाला त्या दारापर्यंत सोडायला यायच्या, तो गल्लीच्या वळणावर जाईपर्यंत उभ्या राहायच्या.

मग दादांचे पाय सुजायला लागले. चपलेचा पट्टा लागेना. सकाळी चेहरा फुगलेला असे. दम लागे. तरी "चलो, हो जाएगा" म्हणत महिने घालवले. एका दुपारी कॅमेऱ्यामागं उभे असतानाच खाली बसले. वहिनी शाळेत होत्या. मी आणि आजींनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

सोनोग्राफी झाली. डॉक्टर तरुण होते, बोलायला चांगले. म्हणाले, दोन्ही किडन्यांमध्ये पाण्याच्या गाठी आहेत, द्राक्षाच्या घडासारख्या. किडनी अशी उरलेलीच नाही. मग त्यांनी विचारलं, "परिवार में किसी को?"

दादांनी तोंड उघडायच्या आत आजी बोलल्या. "हमारे घर में किसी को नहीं. इसके दादाजी तो नब्बे के होकर गए."

डॉक्टर म्हणाले, "माताजी, ये बीमारी ज़्यादातर माँ या बाप से ही आती है. आधे बच्चों में उतरती है. इनके पिताजी तो रहे नहीं, आपकी सोनोग्राफी कर लेते हैं. और इनकी बेटी की भी."

बेटी म्हणजे रेवा. कॉलेजात होती, दुसऱ्या वर्षाला.

"मेरी मत कीजिए," आजी म्हणाल्या.

"दर्द नहीं होता, माताजी."

"मेरी मत कीजिए, बेटा." आणि त्या उठून बाहेर आल्या.

बाहेर बाकडं होतं. दादांना मी धरून आणलं, आजींच्या शेजारी बसवलं. मी सरकून उभी राहिले, पण फार लांब जाता येईना, दादांना आधार लागत होता. म्हणून मला ऐकू आलं.

"श्रीकांत, माझ्यात काही सापडायचं नाही."

"मला माहीत आहे, आई."

"तसं नाही रे. तुला माझ्याकडून काहीच आलेलं नाही. मी तुला…"

"मला माहीत आहे."

आजींनी मान वर केली. "केव्हापासून?"

"मुंजीपासून. आत्या बोलली होती मांडवात. रक्त कुणाचं आणि जानवं कुणाचं, असं."

आजींनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "बोलला नाहीस कधी."

"तू पण नाही बोललीस."

त्या दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही. समोरच्या भिंतीवर हात धुण्याची पद्धत दाखवणारं चित्र होतं, त्याच्याकडं बघत बसले.

पुढं घरी आल्यावर आजींनी वहिनींना आणि मला सगळं सांगितलं. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नव्हतं. सिहोऱ्याला एक नर्स होती, लोक तिला सिस्टरदीदी म्हणत. अडलेल्या मुली तिच्याकडं येत. कोणीतरी ओळख काढून दिली. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणून आजी अमरावतीला माहेरी जाऊन राहिल्या, पत्रातून दिवस गेल्याचं कळवलं, आणि निरोप आल्यावर थेट सिहोऱ्याला उतरून बाळ घेऊन जबलपूरला आल्या. सासरी बारसं झालं, घुगऱ्या वाटल्या. कोणाला शंका नको म्हणून कागद केला नाही, कचेरीत गेले नाहीत, दत्तकविधान केलं नाही. नणंदेला मात्र पहिल्यापासून वास आला होता.

"तिला पाहिलं होतं का तुम्ही?" वहिनींनी विचारलं. तिला म्हणजे बाळाच्या आईला.

"मधे पडदा होता. पडद्याखालून पाय दिसले. जोडवी नव्हती पायात." आजी थांबल्या. "पाय सुजले होते. बाळंतपणात सुजतातच, असं वाटलं तेव्हा."

एवढंच त्यांच्याजवळ होतं, आणि त्याचाही काही उपयोग नव्हता.

दादांचं डायलिसिस सुरू झालं. वहिनी किडनी द्यायला तयार होत्या, पण त्यांना साखर. आजी म्हणाल्या, माझी घ्या. डॉक्टरांनी त्यांचं वय बघून हात जोडले. रक्ताचा भाऊ, रक्ताची बहीण आहे का, असं विचारलं. असेल. सिहोऱ्याच्या बाजूला एखाद्या गावात असेल, शेतात असेल, दुकानात बसली असेल.

पण दादांच्या मनात भाऊबहीण नव्हते. त्यांच्या मनात रेवा होती. डॉक्टरांनी त्यांना समजावलं होतं की हा आजार घराघरात वेगळा चालतो. एखाद्या घरात माणसं चाळिशीतच जातात, एखाद्या घरात सत्तरीपर्यंत त्रासही होत नाही. तिकडची माणसं किती वयाची होऊन गेली हे कळलं, तर रेवाला गाठी असल्या तरी पुढं काय, याचा अंदाज येईल. आणि ते कळेपर्यंत पोरीची तपासणी करायची नाही, असं दादांनी धरून ठेवलं. "नुसतं 'आहे' म्हणून काय सांगू तिला? किती वेळ आहे, तेही सांगता यायला पाहिजे ना."

सिहोऱ्याला जायचं ठरवलं तेव्हा मला म्हणाले, "तू चल. रेवाच्या आईला नको आणि आईला तर नकोच." मला भीती वाटत होती, वाटेत काही झालं तर मी काय करणार. पण नाही म्हणवलं नाही. त्यांच्या डाव्या हाताला डायलिसिससाठी शिरा जोडलेल्या होत्या, त्या हातानं पिशवीही उचलायची नव्हती. बसमध्ये मी त्या बाजूला बसले, कोणाचा धक्का लागू नये म्हणून.

बसमध्ये त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. तीस-एकतीसचे असताना त्यांचं डोकं दुखायचं. डॉक्टरकडं गेले, सोबत आजी. बी.पी. निघालं. इतक्या लहान वयात बी.पी. म्हणून डॉक्टरांनी विचारलं, घरात कोणाला बी.पी., किडनी, असं काही? आजी म्हणाल्या, आमच्या घरात कोणालाच नाही. डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली.

"मला तेव्हाच म्हणता आलं असतं, डॉक्टरसाहेब, माझं काही माहीत नाही, नीट तपासा. पण आई शेजारी बसली होती. तिला वाटून राहिलं होतं मला ठाऊक नाही. म्हटलं, एक गोळीच तर आहे, तिचं तोंड काहून पाडू?" खिडकीतून बाहेर बघत होते. "तिनं माझ्यासाठी खोटं सांगितलं, मी तिच्यासाठी गप्प बसलो. दोघंही चांगलेच वागलो ना?"

मी म्हटलं, "पाणी देऊ का?" मग आठवलं, त्यांना पाणी मोजून प्यायचं असतं. मी बाटली परत पिशवीत ठेवली.

सिस्टरदीदीचं घर सापडलं. खाली तिच्या मुलाचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. तांब्याच्या तारांची भेंडोळी लोंबत होती. तो साठीचा माणूस, बनियनवर. दादांनी नमस्कार केला, कोण, कुठून ते सांगितलं. त्यानं हातातलं काम ठेवलं नाही.

"अम्मा तो कब की गुज़र गईं."

"कुछ लिखकर रखती थीं? कोई नाम, कोई गाँव?"

"नाम ही तो नहीं रखती थीं. पूछती ही नहीं थीं किसी से. कहती थीं, नाम मालूम रहेगा तो किसी दिन मुँह से निकल जाएगा, और किसी लड़की का गला कट जाएगा." मग त्यानं दादांकडं नीट पाहिलं. "आपसे पहले भी आ चुके हैं लोग. क्या चाहिए? ज़मीन-जायदाद का मामला है?"

"नहीं भैया," दादा म्हणाले. "बस इतना जानना था कि हमारे लोग मरते किससे हैं. और किस उमर में."

त्या माणसाच्या हातातली तार थांबली. त्यानं स्टूल पुढं केलं, आतून चहा सांगितला. दादांनी दोन घोट घेतले. तो माणूस म्हणाला, "कुछ होता तो दे देता," आणि आम्ही उठलो तेव्हा गल्लीच्या तोंडापर्यंत सोबत आला. यापेक्षा त्यानं हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

बसला वेळ होता. बाजाराचा दिवस होता, आजूबाजूच्या गावांतून माणसं आली होती. दादा एका दुकानाच्या ओट्यावर बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडं बघायला लागले. आधी मला वाटलं, थकलेत. मग त्यांनी माझी बाही ओढली.

"तो बघ. लसूणवाला. भुवया बघ त्याच्या."

मी बघितलं. भुवया जाड होत्या, जुळलेल्या.

"ती बाई. हिरव्या पदराची. कपाळ." मग आणखी एक, सायकल घेऊन चाललेला. "त्याचं नाक बघ. बघ ना." आवाज चढला होता. लोक वळून बघायला लागले. दादा उठले, लसूणवाल्याजवळ गेले आणि त्याच्यापुढं उकिडवे बसले. तो म्हणाला, "कितना दूँ?" दादा त्याच्या तोंडाकडं बघत म्हणाले, "भैया, आपके पिताजी हैं?"

"हैं. क्यों?"

"ठीक रहते हैं? पेशाब-वेशाब?"

लसूणवाला माझ्याकडं बघून म्हणाला, "बहनजी, इनको घर ले जाइए."

मी त्यांना उठवलं. ते उठले, पण चालताना म्हणत होते, "सगळेच माझ्यासारखे दिसून राहिले. सगळेच. असं नसतं गं. असं कधीच नसतं." इतकी वर्षं दुसऱ्यांची नाकं-कान ज्याचे त्याला नेमके परत केले, त्या माणसाला त्या दिवशी अख्ख्या बाजारात एक तोंड वेगळं काढता आलं नाही. बसमध्ये ते जबलपूरपर्यंत डोळे मिटून होते. झोपले नव्हते.

त्यानंतर फोटो आला तरी ते बोलत नसत. गिऱ्हाईक थांबायचं, वाट बघायचं, मग पाकीट उचलून जायचं. आजींनी दारापर्यंत यायचं सोडलं. आई-मुलात आता लपवायला काही उरलं नव्हतं, तर बोलायलाही उरलं नाही. आजी एकदा मला म्हणाल्या, "मी त्याला वाढवलं का मारलं गं?" मी म्हटलं, "असं बोलू नका आजी."

दादा गेले तेव्हा मी वरुडला होते, माझ्या आईचं दुखणं निघालं होतं. पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. म्हणून मी त्यांना शेवटचं बघितलं ते रेवाच्या तपासणीच्या दिवशी.

रेवानंच हट्ट धरला होता. म्हणाली, तुम्ही नेत नाही तर मी एकटी जाते. मग दादा निघाले, मला सोबत घेतलं. तिथल्या बाईंनी रेवाला नाव, वय विचारलं आणि मग तोच प्रश्न, "घर में किसी को?" दादांनी शाळेतल्या मुलासारखा उजवा हात वर केला.

"मुझे. लिखिए. पिता को, छियालीस की उमर में पता चला."

"उनके ऊपर किसी को?"

"ऊपर कुछ नहीं है. मुझसे लिखिए."

रेवा आत गेली. बाहेर आली तेव्हा पोटावरची जेल ओढणीनं पुसत होती. तीच म्हणाली, "दोन्हीकडं आहेत, बाबा. लहान आहेत म्हणाले. किती वर्षांनी काय, ते सांगता येत नाही म्हणाले." आणि मग, "भूक लागली. सकाळपासून उपाशी ठेवलंय."

खाली उसाच्या रसाची गाडी होती. दादांनी दोन ग्लास सांगितले, मला विचारलं, मला नको होता. त्यांच्या दिवसभराच्या पाण्यापेक्षा तो ग्लास मोठा होता, आणि रस तर त्यांना साफ बंद होता. तरी त्यांनी तो हातात धरला. ओठांना लावला नाही. रेवा आपला ग्लास एका दमात प्याली, तोंड पुसलं, मग काही न बोलता त्यांच्या हातातला ग्लास काढून घेतला आणि तोही प्याली. उन्हात तिचा गळा वरखाली होत होता. दादा तिच्याकडं बघत उभे होते, शेवटचा घोट जाईपर्यंत. मग रसवाल्याला म्हणाले, "एक और दे दो इसको."